भिंतीवरचा फोटो बदलतो, मग फ्रेम का उघडत नाही?

लातूरहून अंबाजोगाईच्या रस्त्याला लागलं की वीस किलोमीटरच्या आत रेणापूर येतं. तालुक्याचं गाव असल्यानं तहसील, पंचायत समिती, नगरपंचायत, शाळा असं सगळं इथे आहे. आणि राज्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावात असतो तसा एक साधा, कुणी फारसा न विचारलेला प्रश्नही आहे. कचेरीच्या किंवा शाळेच्या भिंतीवरचा फोटो बदलायची वेळ आली की नेमकं काय करायचं?

प्रश्न किरकोळ वाटेल. पण गेल्या काही वर्षांत ही वेळ किती वेळा आली ते बघा. ३१ ऑक्टोबर २०१४ ला देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. २८ नोव्हेंबर २०१९ ला उद्धव ठाकरे, ३० जून २०२२ ला एकनाथ शिंदे आणि ५ डिसेंबर २०२४ ला पुन्हा फडणवीस. मधलं २३ नोव्हेंबर २०१९ चं पहाटेचं सरकार यात धरलेलं नाही. ते इतकं अल्पजीवी होतं की कुठल्याही कचेरीला फ्रेम उतरवायलासुद्धा सवड मिळाली नसती.

मुख्यमंत्रिपद कधीच फार स्थिर नव्हतं, हे लातूरकरांना वेगळं सांगायला नको. जिल्ह्यानं राज्याला दोन मुख्यमंत्री दिले. शिवाजीराव पाटील निलंगेकर १९८५-८६ मध्ये जेमतेम नऊ महिने त्या पदावर होते. विलासराव देशमुख दोनदा मुख्यमंत्री झाले, १९९९ ते २००३ आणि २००४ ते २००८, पण दोन्ही वेळा मुदत पूर्ण होण्याआधीच पायउतार झाले. पाच वर्षांची सलग मुदत पूर्ण करणारी नावं दोनच: वसंतराव नाईक आणि पहिल्या खेपेचे फडणवीस.

मुख्यमंत्र्यांच्या जोडीला पालकमंत्री, जिल्हाधिकारी, गटशिक्षणाधिकारी, मुख्याध्यापक आणि शिक्षक हेही बदलत असतात. ज्या चौकटीत त्यांचे फोटो लावतात ती मात्र कधीच उघडायची नाही अशा बेतानं बनवलेली असते.

फ्रेम बंद का केलेली असते?

आपल्याकडे फ्रेम करायची पद्धत ठरलेली आहे. कारागीर पट्टी ४५ अंशांत कापून चार कोपरे जोडतो. आत आधी काच, मग फोटो, मग हार्डबोर्ड. मागून बारीक खिळे, म्हणजे चुका, ठोकतो आणि कडेनं खाकी कागदी टेप चिकटवून टाकतो. ती टेप दिसायला किरकोळ असली तरी सगळ्यात महत्त्वाचं काम तीच करते. धूळ, ओल आणि कागद खाणारी कसर आत जाऊ देत नाही.

म्हणजे ही बनावट चुकीची नाही. ज्या फोटोला पन्नास वर्षं टिकायचं आहे त्याच्यासाठी ती उत्तम आहे. पण तीच फ्रेम उघडायला गेलं की टेप फाटते, चुका पकडीनं उपसाव्या लागतात, पट्टीला चीर जाते आणि बरेचदा काचही तडकते. आतला फोटो काचेला चिकटलेला असेल तर तोही फाटतो. चकचकीत फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो, पावसाळ्याच्या ओलीनं तो मऊ होतो आणि काचेला धरून बसतो. काच आणि फोटो यांच्यात जाड पुठ्ठ्याचं माउंट घातलं तर हे टळतं, पण कचेरीच्या फ्रेमला माउंट घालण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

मग दोनच गोष्टी होतात. फ्रेमसकट फोटो अडगळीत जातो आणि नवी फ्रेम येते. नाहीतर जुना फोटो तसाच राहतो. तिसरा एक देशी उपायही आहे. काचेवरूनच नवा फोटो चिकटवायचा!

तसबीर आणि फोटो यांत फरक काय?

या सगळ्याच्या मुळाशी एक गल्लत आहे. मराठीत तसबीर हा जुना शब्द आहे. तसबीर पूजनीय माणसाची असते, तिला हार घालतात, ती उंचावर टांगतात. आजोबांची तसबीर एकदा भिंतीवर गेली की तिथेच राहते. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालणं तर आपल्याकडे अशुभ मानतात.

सरकारी कचेरीत मात्र तसबीर आणि फोटो एकाच भिंतीवर, एकाच मापात आणि एकाच प्रकारच्या फ्रेममध्ये लागतात. छत्रपती शिवाजी महाराज, महात्मा फुले, सावित्रीबाई फुले, शाहू महाराज, डॉ. बाबासाहेब आंबेडकर, महात्मा गांधी यांच्या तसबिरी कायमच्या आहेत. मुख्यमंत्र्यांचा फोटो त्या पदापुरता आहे.

राष्ट्रपुरुषांच्या तसबिरीला हाताळावं लागतच नाही असंही नाही. राज्याचा सामान्य प्रशासन विभाग दरवर्षी जयंत्यांची यादी काढतो आणि त्या त्या दिवशी कचेऱ्यांमध्ये प्रतिमापूजन होतं. म्हणजे तसबीर भिंतीवरून उतरवायची, टेबलावर ठेवायची, हार-फुलं वाहायची आणि पुन्हा टांगायची. इथे फ्रेम उघडायची गरज नसते, ती सुखरूप उतरवता येणं पुरेसं असतं. १२ बाय १८ इंची फ्रेमची २ मिलिमीटरची नुसती काच सुमारे ७०० ग्रॅम भरते. त्याच मापाचं ॲक्रिलिक सुमारे ३३० ग्रॅम. खुर्चीवर चढून वर्षात अनेकदा तसबिरी उतरवणाऱ्या शिपायाला हा फरक हातात जाणवतो.

एकच माणूस एका गटातून दुसऱ्या गटात जाऊही शकतो. २००८ च्या पुनर्रचनेआधी रेणापूर नावाचा विधानसभा मतदारसंघ होता आणि गोपीनाथ मुंडे तिथून अनेकदा निवडून आले. १९९५ ते १९९९ या काळात ते उपमुख्यमंत्री होते. त्या वेळचा त्यांचा सरकारी फोटो सरकार गेल्यावर उतरवण्याचा होता. ३ जून २०१४ ला त्यांचं निधन झाल्यानंतर लोकांनी लावलेल्या तसबिरीचं तसं नाही. चेहरा तोच असला तरी दोन्ही फ्रेमचं काम वेगळं आहे.

शिक्षकांच्या फोटोचा वाद काय होता?

हा फरक सगळ्यात जास्त बोचला तो शाळांमध्ये. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्याच्या शिक्षण विभागानं जिल्हा परिषद शाळांना सूचना दिली की वर्गात ‘आपले गुरुजी’ या शीर्षकाखाली शिक्षकांचे ए-४ आकाराचे रंगीत फोटो लावावेत. काही ठिकाणी नेमलेल्या शिक्षकाऐवजी दुसराच कुणी वर्गावर उभा असतो, अशा तक्रारी होत्या. गावकऱ्यांना आणि मुलांना खरा शिक्षक कोण हे कळावं, हा हेतू सांगितला गेला. शिक्षक संघटनांनी विरोध केला. काही मोजक्यांच्या गैरप्रकारासाठी सगळ्यांवर संशय का, हा त्यांचा सवाल होता आणि तो रास्त होता.

त्या वादात एक साधा मुद्दा मागे पडला. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या होतात. शिक्षक बदलून गेला आणि फोटो तसाच राहिला, तर ज्यासाठी तो लावला तेच बिघडतं. नव्या शिक्षिकेकडे बघून पालक म्हणणार, फोटोत तर या बाई नाहीत. शिळा फोटो रिकाम्या भिंतीपेक्षा वाईट, कारण तो खोटं सांगतो.

त्यात पैशाची बाजू आहे. समग्र शिक्षा योजनेत ३० पर्यंत पट असलेल्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला १०,००० रुपये इतकंच ठरलेलं आहे. त्यातच खडू, स्वच्छता, किरकोळ दुरुस्ती, वीजबिल. दर बदलीला नवी फ्रेम करायची म्हटलं तर मुख्याध्यापक ती करणारच नाहीत, आणि त्यांचं चूकही नाही.

मग फ्रेम कशी हवी?

फोटो सहज बदलता येणाऱ्या फ्रेम काही नवीन नाहीत. बाजारात मिळणाऱ्या घरगुती फ्रेमच्या मागे वाकवायच्या पत्र्याच्या पट्ट्या असतात. त्या चार-सहा वेळा वाकवल्या की तुटतात, कारण तोच धातू त्याच जागी पुन:पुन्हा दुमडला जातो. त्याऐवजी फिरणारी खिटी लावली तर ती वर्षानुवर्षं चालते. पण दोन्हींत फ्रेम भिंतीवरून उतरवावी लागते.

बँकेत किंवा मोठ्या दवाखान्यात जाहिराती लावलेली ॲल्युमिनियमची चौकट दिसते, तिच्या चारही बाजू पुढूनच उघडतात. आतल्या स्प्रिंगमुळे बाजू खटकन मिटते. चौकट भिंतीला पक्की असते, फक्त कागद बदलतो. समोर काचेऐवजी पारदर्शक प्लॅस्टिकची शीट असल्यानं फुटायची भीती नाही. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप ज्या जिल्ह्यानं पाहिला, तिथे मुलांच्या डोक्यावर काच न टांगणं हा फायदा छोटा नाही. तिसरा प्रकार म्हणजे दोन ॲक्रिलिक शीटमध्ये वरून कागद सरकवायचा. सगळ्यात सोपा आणि स्वस्त, पण वरची फट उघडी राहिली तर मराठवाड्याच्या उन्हाळ्यात एका महिन्यात आत धुळीची रेघ उमटते. ॲक्रिलिक पुसताना चरे पडतात आणि कोरड्या फडक्यानं पुसलं की ते उलट धूळ ओढून घेतं.

उघडणं सोपं असलं तरी निम्मंच काम होतं, कारण माप जुळायला हवं. फोटो स्टुडिओची मापं इंचांत असतात: ८ बाय १०, १२ बाय १८. कचेरीचा प्रिंटर आणि गावातलं झेरॉक्सचं दुकान ए-४ वर चालतं, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. ए-४ कागद ८ बाय १० च्या फ्रेममध्ये मावत नाही, आणि १२ बाय १८ मध्ये कडेनं पांढरं सोडतो. फ्रेमच ए-४ किंवा तिच्या दुप्पट ए-३ मापाची असेल तर नवा फोटो रेणापुरातच दहा मिनिटांत छापून लावता येतो. ‘आपले गुरुजी’च्या सूचनेत ए-४ म्हटलं होतं, तेवढी गोष्ट शहाणपणाची होती.

उंचीचंही तसंच. तसबीर आदरानं उंच लावतात. ओळख पटवण्यासाठीचा फोटो वाचणाऱ्याच्या नजरेसमोर हवा, शाळेत तर मुलांच्या नजरेसमोर.

सोयीची दुसरी बाजूही आहे. जे सहज उघडतं ते कुणीही उघडू शकतं. वर्गात मिशा काढलेला गुरुजींचा फोटो ही गंमत झाली. पण महापुरुषांच्या तसबिरीशी छेडछाड झाली तर गावात तणाव उभा राहतो. म्हणून तसबिरी बंद फ्रेममध्येच असाव्यात, आणि बदलत्या फोटोच्या चौकटीला निदान एक असा स्क्रू असावा जो साध्या पेचकसानं निघत नाही.

भिंतीवर स्क्रीनच लावून टाकावी, असंही सुचवलं जातं. वीज गेली की ती काळी, बिघडली की दुरुस्तीला लातूर. वर्षातून एकदा बदलणाऱ्या माहितीसाठी ती चोवीस तास चालू ठेवण्यात अर्थ नाही.

फोटो काढून टाकले तर?

हा विचार नवा नाही. जानेवारी २०२२ मध्ये दिल्लीत तेव्हाचे मुख्यमंत्री अरविंद केजरीवाल यांनी जाहीर केलं की राज्य सरकारच्या कचेऱ्यांत फक्त डॉ. आंबेडकर आणि भगतसिंग यांचे फोटो राहतील, राजकारण्यांचे नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकार बदलल्यावर मुख्यमंत्र्यांच्या दालनातून हेच दोन फोटो हटवल्याचा आरोप झाला. ते दुसऱ्या भिंतीवर आहेत, असं उत्तर सत्ताधाऱ्यांकडून आलं. युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांनी मे २०१९ मधल्या शपथविधीच्या भाषणात अधिकाऱ्यांना सांगितलं होतं की माझा फोटो लावू नका, मुलांचे लावा. अमेरिकेत २०१७ मध्ये ट्रम्प यांचं अधिकृत छायाचित्र ऑक्टोबरअखेरपर्यंत आलंच नाही आणि अनेक सरकारी इमारतींत मोकळ्या जागा तशाच राहिल्या.

आपल्याकडे कायद्याची बाजू अर्धवट आहे. सरकारी जाहिरातींत कुणाचे फोटो छापावेत यावर सर्वोच्च न्यायालयानं मे २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि मार्च २०१६ मध्ये ते सैल केले. पण ते जाहिरातींपुरतं. आचारसंहितेच्या काळात मात्र निवडणूक आयोग नेमका तसबीर आणि फोटो असाच भेद करतो. पंतप्रधान, मुख्यमंत्री, मंत्री यांचे फोटो सरकारी जागेत दिसता कामा नयेत. दिवंगत राष्ट्रनेते, कवी, इतिहासातल्या व्यक्ती, तसंच राष्ट्रपती आणि राज्यपाल यांच्या प्रतिमांना ही बंदी लागू नाही. मग निवडणूक लागली की कर्मचारी वर्तमानपत्र आणि चिकटपट्टी घेऊन फोटो झाकायला निघतात. पुढून उघडणारी चौकट असती तर कागद काढून फायलीत ठेवता आला असता.

सामान्य माणसाला मुख्यमंत्र्यांचा फोटो बघून काहीच करायचं नसतं. त्याला हवं असतं ते दाखला कोण देणार आणि दिला नाही तर दाद कुणाकडे मागायची हे. २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यानुसार सेवा, मुदत, पदनिर्देशित अधिकारी आणि अपील अधिकारी यांची माहिती कचेरीच्या सूचना फलकावर असायला हवी. हे फलक बरेचदा पेंटरकडून रंगवून घेतलेले किंवा फ्लेक्सवर छापलेले असतात. अधिकारी बदलला की त्यावरचं नाव आणि फोन नंबर शिळा होतो आणि माणूस त्या नंबरवर फोन करत बसतो. फोटो बदलणाऱ्या चौकटीचा खरा उपयोग इथे आहे.

त्यामुळे खरेदीच्या मागणीपत्रात नुसतं ‘फोटो फ्रेम, नग इतके’ असं लिहिण्याऐवजी दोन ओळी वेगळ्या हव्यात. तसबिरींसाठी माउंट घातलेल्या, मागून बंद, उतरवायला हलक्या फ्रेम. पदावरच्या माणसांसाठी आणि फलकांसाठी भिंतीला पक्क्या, पुढून उघडणाऱ्या ए-४ किंवा ए-३ चौकटी. आणि या दुसऱ्या प्रकाराच्या तळाशी बोटभर रुंदीची एक खाच, जिच्यात नाव, पद आणि ‘या तारखेपासून’ एवढंच लिहिलेली चिठ्ठी सरकवता येईल.