पिंपरी आणि पिंप

पिंपरीहून चाकणकडे निघाले की रस्त्याकडेला पिंपेच पिंपे दिसतात. तेलाची, रसायनांची, निळी, गंजलेली. गावाच्या नावाशी त्यांचा काही संबंध नाही. पण 'पिंप' हा शब्द आपल्याकडे पोर्तुगिजांच्या 'पीपा'वरून आला, आणि पीपा म्हणजे मुळात मद्याचे लाकडी पिंप! शब्द तेलात पडला आणि कूळ विसरला. ते कूळ पाहायचे तर फ्रान्समधील कोन्याक गावच्या कोठारांत डोकवावे.

आपल्या मध्यमवर्गीय घरात ब्रँडी राहिली ती औषधांच्या कपाटात. सर्दी झाली की चमचाभर, तीही नाक मुरडून. १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे आपल्याकडे अजूनही पिण्याला परवाना लागतो. तेव्हा ब्रँडी 'घ्यायची', चाखायची नव्हे! गेल्या वर्षी चाकणच्या कारखान्यातले आमचे शेजारी एका फ्रेंच पाहुण्याने दिलेली जुनी कोन्याक उघडताना म्हणाले, "सर, वर्गात रसग्रहण शिकवता ना? आज करून दाखवा."

ही ब्रँडी होते कशी ते ऐका. उनी ब्लां जातीच्या द्राक्षांची पातळ, आंबट वाइन तांब्याच्या भट्टीत दोनदा गाळतात. सुगीनंतरच्या ३१ मार्चपर्यंत हे काम उरकलेच पाहिजे, असा तिथला नियम. निघालेला अर्क पाण्यासारखा नितळ आणि सत्तर टक्क्यांच्या आसपास जहाल. रंग, मार्दव आणि पुष्कळसा गंध त्याला येतो तो ओकच्या पिंपात. लाकडातून दरसाल सुमारे दोन टक्के अर्क उडून जातो. त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. आपला देव नैवेद्याचे ताट परत तरी देतो! त्या वाफेवर पोसलेली बुरशी कोठारांची छपरे काळी करते. 'एक्स. ओ.' म्हणवून घ्यायला २०१८ पासून किमान १० वर्षे पिंपात काढावी लागतात. काही अर्क पन्नास वर्षेही मुरतात. मात्र काचेत ओतले की वय थांबले. बाटली कपाटात कितीही ठेवा, ती जुनी होते, आतली ब्रँडी नव्हे.

पेला ट्यूलिपच्या कळीसारखा, तोंडाशी निमुळता. बर्फ नको, सोडा नको. आधी लांबूनच वास घ्यावा, म्हणजे मद्याचा पहिला झणका ओसरतो. मग हळूहळू जवळ. अक्रोड, सुके अंजीर, पावसाळी रानातली अळंबी! या जुनेपणाच्या गंधाला फ्रेंच लोक 'रान्सियो' म्हणतात. मला तर आजीच्या सागवानी कपाटाचाच वास आला. मग जिभेवर थेंबभर. अर्ध्या तासात आम्ही चौघांनी मिळून जेमतेम चार-पाच चमचे संपवले असतील.

या पट्ट्यात दारूने बसलेले संसार मी पुढच्या बाकावरच्या मुलांच्या चेहऱ्यांवर वाचले आहेत. म्हणून हे कौतुक लिहिताना हात अडखळतो. चाखणे आणि झोकणे यांतले अंतर संयमाचे, असे म्हणून मोकळे होता येईल. पण संयमालाही भांडवल लागते. कोन्याकचा म्हातारा नातवासाठी पिंप भरतो. कोठार, मळा आणि नातू तिथेच असतील हा भरवसा त्याला असतो. रात्रपाळी करून माझ्या वर्गात पेंगणाऱ्या कंत्राटी पोराला पुढच्या दिवाळीची नोकरी ठाऊक नाही. पन्नास वर्षांनंतरचे पिंप त्याने कोणाच्या भरवशावर भरावे?