राउटर कुणाचा?

आमच्या नात्यातल्या बहुतेक घरांत इंटरनेट हे 'त्या मुलाचं' खातं आहे. तो मुलगा म्हणजे केबलवाल्याकडून येणारा. वायर जोडतो, मोबाइलवर काहीतरी टाइप करतो, 'झालं काका' म्हणतो आणि जातो. काय टाइप केलं ते त्यालाच ठाऊक.

मला हे अजिबात पटत नाही. गॅसचा रेग्युलेटर कसा बंद करायचा, मेन स्विच कुठाय, हे घरात सगळ्यांना माहीत असतं ना? मग या डब्यालाच सोवळं कशाला?

गंमत म्हणजे हे सगळं सोपं झालं म्हणूनच असं झालंय. भारतात इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सर्वांसाठी खुलं झालं. त्यानंतर कित्येक वर्षं डायल-अपचा नंबर, युजरनेम, कधी डीएनएसचे आकडे, सगळं आपणच भरायचो. वहीत लिहून ठेवायचो. आता कॉम्प्युटरला 'आयपी ॲड्रेस आपोआप घे' एवढंच सांगायचं, बाकीचं राउटर बघतो. त्याचा स्वतःचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१. हाच पत्ता शेजाऱ्यांकडेही असतो बरं का! घराघरात एक 'दादा' असतो ना, तसंच. हाक घरातल्या घरात चालते, रस्त्यावर मारून उपयोग नाही.

थोडक्यात, वहीतली माहिती डब्यात गेली आणि डब्याची किल्ली त्या मुलाकडे.

गेल्या वर्षी मावशीकडे चार दिवस नेट नव्हतं. कुणीतरी टाचणीने रीसेट दाबलं होतं. त्याने कनेक्शनचं युजरनेम आणि पासवर्डच पुसले गेले. मुलगा गणपतीला गावी, ऑफिसात फोन कुणी उचलेना. तळमजल्यावर मोबाइलला धड रेंज नाही. नातीचा परदेशातून रोज फोन यायचा, तो बंद. दोन ओळी कागदावर असत्या तर दहा मिनिटांचं काम होतं.

आणि प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा. तोच खोटं सांगू लागला तर? डीएनएसचेंजर नावाच्या व्हायरसने हेच केलं होतं. कंपनीने दिलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवलेल्या राउटरमध्येही तो शिरून आकडे बदलायचा. नोव्हेंबर २०११ मध्ये ती टोळी एस्टोनियात पकडली गेली, तेव्हा एफबीआयच्या हिशेबाने ४० लाखांवर कॉम्प्युटर बाधित होते. आपण चुकीच्या दारात उभे आहोत, हे त्यातल्या बहुतेकांना कळलंच नसणार.

'सिक्युरिटीसाठी आम्हीच ठेवतो पासवर्ड,' असं काही जण सांगतात. कुणाच्या सिक्युरिटीसाठी, हे मात्र सांगत नाहीत. असो.

तर आत्या, आता तुझ्याकडे फायबर येतंय ना? त्या मुलाला चहा दे आणि तो पिईपर्यंत तीन गोष्टी लिहून घे: कनेक्शनचं युजरनेम-पासवर्ड, राउटरच्या ॲडमिनचा पासवर्ड आणि वायफायचा पासवर्ड. ॲडमिनचा तिथल्या तिथे बदलून घे. 'ॲडमिन' हाच पासवर्ड ठेवण्यापेक्षा कॅलेंडरच्या मागे लिहिलेला पासवर्ड शंभर पटीने बरा. फक्त वर्ष संपल्यावर कॅलेंडर रद्दीत देऊ नकोस.