गुणांच्या तराजूत परावलंबन

ब्रिटनमध्ये अपंग व्यक्तीला कमरेखालचे अंग धुण्यास मदत लागली तर २ गुण, खांद्यांपासून कमरेपर्यंत लागली तर ४. दैनंदिन कामांचे एकूण ८ गुण झाले की ‘पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट’चा दैनंदिन निर्वाहाचा भाग मिळतो.

मार्च २०२५ मध्ये सरकारने सुचविले, की एका तरी कामात ४ गुण हवेतच. चार कामांत प्रत्येकी २ गुण मिळविणारा मग वगळला गेला असता. शिवाय त्याची शुश्रूषा करणाऱ्या आप्ताचा भत्ताही धोक्यात आला असता. तीव्र विरोधानंतर १ जुलैला ही तरतूद मागे घेण्यात आली आणि फेरविचाराचे काम मंत्री स्टीफन टिम्स यांच्याकडे आले. आशा आहे ती येथेच. मात्र ‘युनिव्हर्सल क्रेडिट’मधील आरोग्यविषयक रक्कम बहुतेक नव्या अर्जदारांसाठी एप्रिल २०२६ पासून जवळजवळ निम्मी ठरविली गेल्याने भीती सरलेली नाही.

आपले कोणी तेथे असल्यास एवढे अवश्य सांगावे: कोणत्या कामाला, किती वेळ, कोणाची मदत लागते, याची रोज नोंद ठेवावी. तपासणीत संकोचाने ‘जमते मला’ म्हणू नये. ते काम सुरक्षितपणे, पुन्हा पुन्हा, वाजवी वेळात जमते का, हेच तेथे पाहिले जाते.