पहिली मजल लहान असावी

नोएडाहून नाशिकला मोटारसायकलने जाण्याचा बेत आम्हा पाच मित्रांनी दसऱ्याच्या सुमारास पक्का केला, तेव्हा पहिला वाद उपस्थित झाला तो पहिल्या दिवशी मुक्काम कोठे करावा याविषयी. आमच्यातील तरुण मंडळींचा आग्रह असा की, पहाटे निघून रात्रीपर्यंत शिवपुरी गाठावी, म्हणजे बाराशे किलोमीटरांच्या वाटेतील साडेचारशेच्या आसपास पहिल्याच दिवशी पदरात पडतील आणि पुढच्या मजला हलक्या होतील. माझा हट्ट मथुरेचा होता. मथुरा नोएडाहून सुमारे दीडशे किलोमीटर. शेवटी माझे म्हणणे मान्य झाले, परंतु ते केवळ वयाच्या मानाने मान्य झाले, पटले म्हणून नव्हे, याची मला जाणीव होती. म्हणूनच ते सविस्तर मांडणे मला अगत्याचे वाटते.

चार वर्षांपूर्वी अशाच एका सफरीत पहिल्याच दिवशी पाचशे किलोमीटर जाण्याचे आम्ही ठरवले होते. दुपारी चारच्या सुमारास, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, आगेमागे एकही वाहन नसताना, माझ्या पुढे चाललेल्या मित्राची गाडी हळूहळू डावीकडे सरकू लागली; त्याने ब्रेक दाबला नाही, हँडल सावरले नाही, आणि पाहता पाहता ती कडेच्या खडीत उतरून आडवी झाली. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. खांद्याचे हाड मात्र मोडले. शुद्धीवर आल्यावर तो एवढेच म्हणाला, “झोप लागली हे मला कळलंच नाही.” तो बेफिकीर नव्हता, की वेगाचा शौकीनही नव्हता, आदल्या रात्री सामान बांधण्यात आणि निघण्याच्या उत्साहात तो तीनच तास झोपला होता, इतकेच.

पहिल्या दिवसाचा खरा धोका नेमका हा आहे. त्या दिवशी उत्साह सर्वाधिक असतो आणि तयारी सर्वांत कमी. शरीराला लांबच्या बैठकीची सवय झालेली नसते, मनगटे आणि कंबर अद्याप कुरकुरण्याच्या अवस्थेत असतात, आणि सामान लादलेली गाडी रोजच्या गाडीपेक्षा उशिरा थांबते व वळणावर निराळी झुकते, हे हाताला उमगायचे असते. भारत सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांपैकी सुमारे ४४.५ टक्के दुचाकीवरील होती. या आकड्यासमोर पहिल्या दिवसाची घाई ही केवळ हौसेची बाब राहत नाही.

आमच्या वाटेचा आरंभ तर घाईला विशेष अनुकूल. यमुना आणि हिंडन या दोन नद्यांच्या मधोमध वसलेल्या नोएडातून ग्रेटर नोएडाच्या परी चौकापर्यंत आले की तेथून आग्ऱ्यापर्यंत १६५ किलोमीटरांचा यमुना द्रुतगती मार्ग लागतो. २०१२ साली खुल्या झालेल्या या काँक्रीटच्या मार्गावर दुचाकींना पथकर भरून जाता येते. मोटारींनाही ताशी शंभराची मर्यादा आहे. त्यावर वळण क्वचित, गाव दूर, सिग्नल नाही. मूठ एकाच जागी धरून ठेवायची आणि एका सुरात गुणगुणणारे इंजिन ऐकत राहायचे. निद्रेला याहून पोषक वातावरण दुसरे कोणते असणार? म्हणून चाळीसेक किलोमीटरांवर पहिला थांबा घेण्याचा शिरस्ता आम्ही पाळला, आणि तेथेच एका गाडीच्या मागच्या बाजूने जळकट वास येऊ लागला. पाहतो तो, उजवीकडची पिशवी चार बोटे खाली घसरली होती आणि तिचा नायलॉनचा पट्टा सायलेन्सरला टेकून वितळू लागला होता. आणखी अर्धा तास तो तसाच राहता, तर तुटून मागच्या चाकात गेला असता. पट्टा बदलण्यास दहा मिनिटे लागली. शिवपुरी गाठायची असती, तर ती दहा मिनिटे देण्यास कोणी राजी झाले असते की नाही, याची मला खात्री नाही.

या बाबतीत आपल्या पूर्वजांचे शहाणपण आपण विसरलो आहोत. मुहूर्तावर निघणे न साधल्यास वस्त्राची घडी किंवा गाठोडे शेजाऱ्याच्या घरी नेऊन ‘प्रस्थान ठेवण्याची’ चाल महाराष्ट्रात होती. पेशवे स्वारीवर निघत, तेव्हा वाड्यातून निघून पुण्याच्याच वेशीबाहेर गारपिरावर डेरेदाखल होत. उणीव काही असेल ती तेथे उघडकीस येई आणि शहर हाकेच्या अंतरावर असताना भरून काढता येई. याहूनही बोलके उदाहरण पालखीचे आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीस ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीच्या मंदिरातून प्रस्थान ठेवते आणि पहिला मुक्काम आळंदीतच करते. तुकाराम महाराजांच्या पालखीचाही पहिला मुक्काम देहूतच असतो. सुमारे अडीचशे किलोमीटरांची पायवाट ज्यांना तुडवायची आहे, ज्यांच्यातील काहींपुढे दिवे घाटाची चढण आहे, ते पहिल्या दिवशी गावची वेसदेखील ओलांडत नाहीत.

ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीस आजचे शिस्तबद्ध स्वरूप एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात देणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी होते, आणि तेथून आपल्या मुलखाकडे परतताना त्यांना वाटेत लुटारूंनी पकडले होते, अशी परंपरा सांगते. ज्या ग्वाल्हेरवरून आम्हास दक्षिणेस उतरायचे होते, आणि ज्याच्यावरून जाणाऱ्या रस्त्यास ठाण्या-नाशकात लोक आजही ‘आग्रा रोड’ म्हणतात, तेथूनच हा पुरुष निघाला होता. वाटेची जोखीम जाणणाऱ्या आणि लष्करी जीवन पाहिलेल्या माणसाने घालून दिलेल्या शिस्तीत कोणाची दिंडी रथापुढे आणि कोणाची मागे हे ठरलेले असते, आणि रोज सायंकाळी समाजआरतीच्या वेळी चोपदाराने दंड उंचावताच अफाट समुदाय निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढीच टाळ वाजवीत राहते, तिची कैफियत ऐकली जाते, आणि मगच आरती होते.

यावर आक्षेप येतो तो रजेचा. नोकरदार माणसास सहा-सात दिवसांपलीकडे सवड मिळत नाही, त्यात एक दिवस दीडशे किलोमीटरांवर का खर्चावा? हा आक्षेप खोटा नाही. पण त्याचे उत्तर गंतव्य जवळचे निवडणे हे आहे, पहिला दिवस लांबवणे हे नव्हे. अमेरिकेतील आयर्न बट असोसिएशन ही संस्था चोवीस तासांत एक हजार मैल, म्हणजे सुमारे सोळाशे किलोमीटर, जाणाऱ्यांना प्रमाणपत्र देते, हा दाखला मला नेहमी ऐकवला जातो. परंतु ती एकेका सरावलेल्या स्वाराची कसोटी आहे. मित्रांच्या टोळीची चाल सर्वांत थकलेल्याच्या चालीवर ठरली पाहिजे. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने पगारी चालकासाठी सर्वसाधारणपणे दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, आणि पाच तासांच्या आत अर्ध्या तासाची विश्रांती बंधनकारक केली. जो रोज वाहन चालवतो त्याच्यासाठी कायद्याला एवढी काळजी वाटली, तर वर्षातून एकदा निघणाऱ्या हौशी स्वाराने आपली मर्यादा आपणच घालून घेण्यात कमीपणा कसला?

आम्ही दुपारच्या आत मथुरेस पोहोचलो. जेवून सर्वजण दोन तास झोपले, साखळ्यांना तेल दिले, पट्टे पुन्हा बांधले, आणि सायंकाळी विश्रामघाटाच्या पायऱ्यांवर, सकाळी नोएडात मागे टाकलेल्या त्याच यमुनेच्या काठी, आम्ही आमची समाजआरती भरवली. प्रत्येकाने आपली तक्रार सांगायची आणि इतरांनी ती मध्ये न तोडता ऐकायची. शिवपुरीचा आग्रह ज्याने सर्वांत जास्त धरला होता, तो बराच वेळ गप्प होता. शेवटी त्याने डावा हात पुढे केला. जेवरच्या पुढे कोठेतरी त्याची दोन बोटे सुन्न झाली होती आणि अद्याप पुरती ताळ्यावर आली नव्हती. क्लचची दांडी वर चढलेली होती, त्यामुळे मनगट वाटभर मुडपून राहिले होते. मुक्कामी परतल्यावर अंगणातल्या दिव्याखाली आम्ही तिचा एक बोल्ट सैल केला, दांडी बोटभर खाली घेतली आणि त्याला गाडीवर बसवून मनगट सरळ येते की नाही याची खातरजमा केली. चालत्या गाडीवर त्याने हे कोणालाही सांगितले नसते. आणि पुढे चंबळचा प्रदेश, माळव्याचे पठार व सातपुड्याचे घाट अजून यायचे होते.