विश्लेषण : आजोबांचे घड्याळ ‘नवे’ करून घ्यावे का? दुरुस्ती, बदल आणि बनावट यांतला फरक काय?

लग्नात नवरदेवाला सायकल, रेडिओ आणि घड्याळ देण्याचा एक काळ होता. त्या काळातली चावीची घड्याळे हिंगोली जिल्ह्यातल्या कुरुंद्यासारख्या गावांत अनेकांच्या कपाटांत आणि पेट्यांत आजही पडून आहेत. आता ऑनलाइन बाजारात अशा घड्याळांना पुन्हा मागणी आहे. पण त्याच बाजारात नीट दुरुस्त केलेले, नव्याने रंगवलेले आणि सरळ बनावट घड्याळ एकाच रांगेत मांडलेले असते. घरातले जुने घड्याळ दुकानात देण्याआधी किंवा मोबाइलवर नवे-जुने काही घेण्याआधी हा फरक समजून घेतलेला बरा.

घराघरांत एचएमटीच का दिसते?

सरकारी एचएमटी कंपनीने जपानच्या सिटिझनच्या तांत्रिक सहकार्याने १९६१ मध्ये बेंगळुरूत मनगटी घड्याळांचे उत्पादन सुरू केले. ‘जनता’, ‘पायलट’, ‘सोना’ ही मॉडेल घरोघरी पोहोचली. पुढे सेलवर चालणारी क्वार्ट्झ घड्याळे आली आणि चावीची घड्याळे मागे पडली. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्यास मंजुरी दिली. जुन्या मॉडेलचे सुटे भाग आता सहज मिळत नाहीत. त्यामुळे एक घड्याळ चालू करण्यासाठी दुसऱ्या बंद घड्याळातला भाग काढावा लागतो. म्हणजे भाग बदलला म्हणून कुठलेही घड्याळ खोटे ठरत नाही. तो दुरुस्तीचाच भाग आहे.

चावीच्या घड्याळाला सर्व्हिसिंग कशाला?

‘जनता’च्या मशीनमध्ये तासाला १८,००० ठोके पडतात, म्हणजे सेकंदाला ५. दिवसाचे होतात ४ लाख ३२ हजार आणि वर्षाचे १५ कोटी ७६ लाखांच्या वर. इतक्या हालचालीचा भार तेलाच्या बारीक थेंबांवर असतो. तेल वाळले की धातूवर धातू घासतो. घड्याळ चालते आहे म्हणजे ठीक आहे, असे समजून आपण ते वापरत राहतो आणि आतली झीज वाढत जाते. साधारण ४-५ वर्षांतून एकदा मशीन पूर्ण खोलून, साफ करून, नवे तेल द्यायला हवे. मागचे झाकण उघडून वरून तेलाचा थेंब सोडणे म्हणजे सर्व्हिसिंग नव्हे.

सर्व्हिसिंगनंतरही जुने घड्याळ दिवसाला १५-२० सेकंद पुढे-मागे होईल. दिवसाचे ८६,४०० सेकंद धरले तर २० सेकंदांची चूक ०.०२३ टक्के भरते. त्याची काळजी नको. घड्याळ अचानक फारच पुढे धावू लागले, तर मात्र केसासारख्या बारीक हेअरस्प्रिंगला चुंबक लागल्याची शक्यता असते. मोबाइलच्या स्पीकरमध्ये आणि इअरबड्सच्या डबीत चुंबक असतेच. कारागिराकडे डीमॅग्नेटायझर असेल तर हे काम मिनिटभराचे आहे.

घड्याळात पाणी गेले तर?

जुलै २०२२ मध्ये कुरुंद्यात पुराचे पाणी घरांत शिरले होते. अशा वेळी भिजलेले घड्याळ ‘वाळेल आपोआप’ म्हणून ठेवून दिले जाते. तांदळाच्या डब्यात ठेवूनही उपयोग होत नाही. बाहेरून कोरडे दिसले तरी आतल्या पोलादी भागांवर गंज चढत राहतो. चावी न देता ते लवकरात लवकर कारागिराकडे न्यावे आणि मशीन खोलून घ्यावे. फार जुन्या घड्याळाच्या काट्यांवर अंधारात चमकणारा लेप असेल, तर तो घरी खरवडू नये. त्यात किरणोत्सर्गी रेडियम असू शकते.

‘मुंबई स्पेशल’ म्हणजे काय?

परदेशातल्या संग्राहकांनी भारतातून ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या एका प्रकारच्या घड्याळांना हे नाव दिले आहे. जुन्या स्विस, जपानी किंवा एचएमटी घड्याळाची डायल पुसून नव्याने छापायची, केस घासून चकचकीत करायची, मिळतील ते काटे लावायचे आणि ‘ओरिजिनल व्हिंटेज’ म्हणून विकायचे. नावात कौतुक नाही, टोमणा आहे. त्याचा फटका मुंबईतल्याच नव्हे, तर वसमत-नांदेडच्या प्रामाणिक कारागिरालाही बसतो, कारण ‘भारतातून आलेले घड्याळ’ म्हटले की गिऱ्हाईक आधी संशय घेते.

आपल्या भागात हळकुंडाला पॉलिश केले की भाव चढतो. जुन्या घड्याळाचे गणित उलटे आहे. पिवळी पडलेली मूळ डायल, पुसट अक्षरे, केसवरचे ओरखडे यांतच त्याचे वय आणि मोल असते. ‘एकदम चकाचक करून द्या’ म्हणून दिलेले आजोबांचे घड्याळ परत येते तेव्हा डायल नवी, काटे नवे, केसच्या कडा गोल झालेल्या. आजोबांनी ज्या डायलवर आयुष्यभर वेळ पाहिली, ती राहिलेली नसते. म्हणून कारागिराला स्पष्ट सांगा : मशीन साफ करा, लागल्यास काच बदला, डायलला हात लावू नका आणि काढलेला प्रत्येक भाग परत द्या.

मग घड्याळात बदल करणे चूक आहे का?

अजिबात नाही. जगभर हौशी लोक सेइकोची घड्याळे खोलून डायल, काटे, बेझल बदलतात. सेइको समूहाचे ‘एनएच३५’ हे ऑटोमॅटिक मशीन सुटे मिळते आणि त्यावर स्वतःचे घड्याळ जुळवता येते. यातून हात बसतो, यंत्र कळते. आयटीआय किंवा डिप्लोमा झालेल्या तरुणांसाठी हे चांगले कौशल्य आहे. पण त्याच मशीनवर दुसऱ्या महागड्या कंपनीचे नाव छापलेली डायल बसवली की हौस संपते आणि बनावटगिरी सुरू होते.

‘फर्स्ट कॉपी’चे काय?

‘फर्स्ट कॉपी’ हे बनावट मालाचेच गोंडस नाव आहे. ट्रेडमार्क कायदा, १९९९ नुसार खोटे व्यापारचिन्ह लावणे आणि असा माल विकणे हा गुन्हा आहे. त्यासाठी ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंडाची तरतूद आहे. व्यवहारातही तोटाच. डायलवर छापलेल्या ‘वॉटर रेझिस्टंट’ शब्दांची हमी कोणी घेत नाही, सुटे भाग जुळतीलच असे नाही आणि एका सर्व्हिसिंगचा खर्च घड्याळाच्या किमतीवर जाऊ शकतो.

विकत घेताना काय पाहावे?

– डायल कोरी करकरीत आणि केस झिजलेली असेल तर डायल रंगवलेली असण्याची शक्यता जास्त.
– फोटो मोठा करून अक्षरे पाहा. कडा फुटलेल्या, खुणा वाकड्या असतील तर छपाई नंतरची.
– मागचे झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. डायलवर ‘ऑटोमॅटिक’ आणि आत चावीचे मशीन, असेही प्रकार असतात.
– विक्रेत्याला लेखी विचारा : डायल मूळ आहे का? उत्तर टाळले तर व्यवहार टाळा.

उपाय काय?

खरा प्रश्न घड्याळात काय बदलले हा नाही, ते गिऱ्हाइकाला सांगितले का, हा आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणे ही अनुचित व्यापारी प्रथा मानली आहे. फसवणूक झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. पण प्रत्येक वेळी तक्रारीपर्यंत जायची गरज नाही. प्रत्येक कारागिराने आणि विक्रेत्याने बिलावर चार ओळी लिहाव्यात : डायल, काटे, मशीन, केस. प्रत्येकापुढे ‘मूळ’, ‘बदलले’ किंवा ‘रंगवले’ यांपैकी एक शब्द. याला खर्च काही नाही. लबाडी करणाऱ्याला मात्र ही चिठ्ठी लिहून देणे अवघड जाईल आणि सचोटीने काम करणाऱ्याच्या कामाला तिचा आधार मिळेल. गिऱ्हाइकांनी ती चिठ्ठी मागायला सुरुवात केली, तरच हे होईल.