बांधावर साग की सीताफळ?

शेतकरी भावांनो, पावसाच्या तोंडावर हा प्रश्न बैठकीत हटकून निघतो. दोन्ही झाडे पानगळीची. पाणी तुटले की पाने टाकून तग धरणारी. पण सागाला खोल, निचऱ्याची जमीन लागते. बालाघाटाच्या वीतभर मातीत, खाली मुरूम, तो खुरटतो. सीताफळ त्याच डोंगरउतारावर कुणी न लावता येते. शेळीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले, ते उगाच नाही.

आम्ही पदवीवाले सागाचे गुण पाठ करून आलो. खोड विकण्याजोगे व्हायला पिढी जाते, हे कोणी ठासून सांगितले नाही. आणि झाल्यावर? 1964 च्या झाडे तोडण्याच्या कायद्यात साग आहे. झाड आपले, बांध आपला, पण कुऱ्हाड लावायला परवानगी सरकारची! सीताफळ त्या यादीत नाही.

मात्र पिकलेले सीताफळ दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही, आणि दिवाळीच्या आगेमागे सगळ्यांचा माल एकदम येतो. व्यापारी हे पुरते ओळखून आहे. म्हणून गर काढून गोठवायची सोय जवळ नसेल तर एकरभर लावू नका. बांधावर दहा कलमे पुरेत. ओढ्याकाठी खोल जमीन असेल तर चार साग लावा, पण सातबाऱ्यावर नोंद करूनच.