चांभारचौकश्या करा!

केळ्याच्या सालीने चामड्याची पर्स चकाकते. व्हिनेगरने बुरशी जाते. टूथपेस्टने डाग निघतो. आणि खोबरेल तेलाने तर काय, सगळंच होतं! दर पावसाळ्यात हे असले निरोप आमच्या कौटुंबिक ग्रुपवर येतात, खाली पाचदहा जणांचे जोडलेले हात. मग आईच्या, सासूच्या, मावशीच्या जुन्या पर्सा कपाटातून बाहेर निघतात आणि महिन्याभरात त्यांचं वाटोळं होतं. वर 'घरगुतीच तर आहे, अपाय काही नाही' हे पालुपद! घरगुती म्हणजे निरुपद्रवी हे कुणी ठरवलं? विळीसुद्धा घरगुतीच असते.

मुळात चामडं म्हणजे काय याची चौकशीच कुणी करत नाही. ते कमावलेलं कातडं असतं. (पैसा, शरीर आणि कातडं, तिन्हींना मराठीत एकच क्रियापद आहे. मला ते फार आवडतं.) कातडं कुजू नये म्हणून त्यात टॅनिन मुरवतात. कोल्हापूरकडे त्यासाठी बाभळीची साल आणि हिरडा वापरायची पद्धत. दुसरी रीत क्रोमियमच्या क्षारांची. १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झने अमेरिकेत तिचं पेटंट घेतलं, आणि आज जगातलं बहुतेक चामडं तसंच कमावतात. ते पाण्याला बऱ्यापैकी दाद देत नाही. सालीवर कमावलेलं मात्र पाणी पटकन पितं आणि डाग धरतं. आमच्या पिढीतल्या पुष्कळ जणींकडे असलेली शांतिनिकेतनी पर्स, ती उठावाच्या नक्षीची, रंगीत, ती या दुसऱ्या जातीची. रवींद्रनाथांनी १९२२ मध्ये श्रीनिकेतन सुरू केलं, तिथल्या कलाउद्योगांत ही चर्मकला वाढली. अशा पर्सवर ओलं फडकं फिरवलंत तर रंग फडक्यावर आणि नक्षी सपाट!

आता घरगुती उपायांकडे वळू. चामडं स्वभावाने किंचित आम्ल असतं. साबण आणि खायचा सोडा अल्कधर्मी, ते कमावणीच सैल करतात. व्हिनेगर उलट्या बाजूने मारतं, जुन्या चामड्यात आधीच वाढलेलं आम्ल आणखी वाढवतं. आणि खोबरेल? ते आत शिरतं, रंग काळपट करतं, धूळ धरून ठेवतं आणि बाहेर काही येत नाही. येतं ते थंडीत, पांढरा थर होऊन. लोकांना वाटतं बुरशी आली, की पुन्हा तेल! पितळी कडीभोवती जो हिरवा चिकट मळ दिसतो तोही बहुतेक वेळा तेलातल्या आम्लांनी पितळ खाल्ल्याचा पुरावा असतो.

लोखंडी बकलाभोवतीचा काळा डाग हे आणखी वेगळं प्रकरण. पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करत. हिराकसात लोह, हिरड्यात टॅनिन. गंजलेलं बकल, दमट हवा आणि सालीवर कमावलेलं चामडं एकत्र आलं की पर्सवर तीच शाई तयार होते. ती वर सांडलेली नाही, आत बनलेली आहे. टूथपेस्टने ती कशी निघणार? रंगाची साल तेवढी निघेल.

बरं, तेलाचा हा मोह फक्त आपल्याला नाही. ब्रिटिश म्युझियमच्या नावाने एक लेप प्रसिद्ध होता, लॅनोलिन, मधमाश्यांचं मेण, सिडारवूडचं तेल आणि हेक्झेन यांचा. ग्रंथालयांतून चामडी बांधणीच्या पुस्तकांना तो वर्षानुवर्षं चोपडला गेला. पुढे संवर्धकांनीच पाहिलं की त्याने फायद्यापेक्षा तोटा जास्त, आणि ही नेमाची तेलमालिश बहुतेक ठिकाणी बंद झाली. त्यांनी सोडली, आपण धरून बसलोय.

पण माझा खरा राग तेलावर नाही. आपल्या कोपऱ्यावर छत्रीखाली एक माणूस बसलेला असतो. हातात घेतल्याबरोबर कातडं शेळीचं की म्हशीचं, शिलाई कुठे कुजली, चिकटवलंय की शिवलंय, हे तो सांगतो. आपण त्याला विचारत नाही! अमेरिकेतल्या कुणा बाईचा व्हिडिओ बघतो. का? कारण पिढ्यान्‌पिढ्या कातडं कमावणाऱ्यांना आणि शिवणाऱ्यांना आपण वेशीबाहेर ठेवलं, आणि त्यांचं ज्ञानही तिथेच राहिलं. फाजील चौकशीला आपण 'चांभारचौकश्या' म्हणतो. शाळेत मी हा शब्द फळ्यावर लिहू देत नसे. पण आता वाटतं, चौकश्या कराव्यात तर त्याच! कातडं कशाचं? कमावलं कशावर? आधी काय लावलंय? २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या प्राडाने कोल्हापुरीसारखी चप्पल मंचावर आणली तेव्हा सगळ्यांचा स्वाभिमान उसळला होता. त्याच लोकांना चेन बदलायचे शंभर रुपये जास्त वाटतात.

कुणी म्हणेल, तो सगळ्याला काळं पॉलिश फासतो. काही जण फासतात, खरं आहे. मग सांगा ना, पॉलिश नको, सोल्यूशन नको, फक्त पट्टा शिवून द्या. पट्टा, चेन, कडी ही त्याचीच कामं, घरी करू नयेत.

घरी करायचं ते अगदी थोडं. पर्स रिकामी करून अस्तर उलटं काढा, मऊ कोरड्या ब्रशने शिवणींतली धूळ झटका. बुरशी असेल तर गॅलरीत, नाकाला फडकं बांधून, आणि मग दोन दिवस सावलीत वाऱ्यावर. उन्हात नाही, जुनं चामडं आकसतं. त्यानंतर जुन्या धोतराचा तुकडा कोरडाच फिरवा. गुळगुळीत रंगलेपाच्या पर्सला घट्ट पिळलेलं फडकं चालतं, पण आधी तळाशी, न दिसेल तिथे करून बघा. बिनरंगी लेदर क्रीम लावायचंच तर नखावर मावेल एवढं. आत कोरा कागद भरा, वर्तमानपत्र नको, त्याची शाई अस्तराला लागते. वर सुती पिशवी. प्लास्टिकची पिशवी म्हणजे बुरशीला माहेरपण!

हाताला विटकरी भुकटी लागत असेल तर चामडं आतून विरलंय. त्यावर उपाय नाही, पाणी आणि तेल तर मुळीच नको, ते काळं पडून कडक होतं. कापडात गुंडाळून ठेवा, नातींना दाखवा, वापरू नका.

आणि जिचे पापुद्रे निघतायत ती बहुधा चामड्याची नाहीच, पॉलियुरेथेनचा मुलामा दिलेलं कापड आहे, दमट हवेत ते सुटणारच. दुकानदाराने काय सांगून विकली ते सोडा. तिला खोबरेल लावा, केळ्याची साल लावा, हवं तर टूथपेस्टही लावा.